आपोआप नोंदवा

सकाळी उठल्यावर खारूचे ओठ कोणत्या रंगाचे आहेत, त्यावर माझा दिवस ठरतो. गुलाबी कधीच नसतात. फिकट जांभळे असले तर बरा दिवस. शाईची बाटली तोंडाला लावल्यासारखे असले, तर मी तिला कडेवरून खाली ठेवत नाही आणि जिना, बाग, चेंडू हे शब्द त्या दिवशी आमच्या घरात कुणी उच्चारायचे नाहीत.

खारू तीन वर्षांची. खरं नाव वेगळं आहे, पण बिस्किट दोन्ही हातांत धरून कडेकडेने कुरतडते म्हणून माझ्या बाबांनी तिला खारूताई म्हणायला सुरुवात केली आणि ती खारूच राहिली. तिच्या हृदयातल्या पडद्याला भोक आहे आणि फुप्फुसाकडे रक्त नेणारी वाट अरुंद आहे. दम लागला की ती उकिडवी बसते. कुणी शिकवलेलं नाही. खेळता खेळता मध्येच गुडघे पोटाशी घेऊन एखाद्या म्हातारीसारखी बसते, आणि येणारेजाणारे हसतात, "बघा, कशी बसलीय ठमाबाई!" मी हसत नाही. मी तिचे श्वास मोजते.

'काळजाचा ठोका चुकला' असं लोक किती सहज म्हणतात. आमच्या घरात तो वाक्प्रचार बंद आहे.

मोठं ऑपरेशन चोवीस तारखेला ठरलं होतं. पैसे बावीसपर्यंत भरायचे होते. आणि पैसे वीसला येणार होते, कारण बाबांनी माझ्या नावावर घेतलेल्या सरकारी रोख्यांची मुदत वीसला संपत होती. वीस, बावीस, चोवीस. सगळं इतकं चपखल बसलं होतं की मला त्याचीच भीती वाटायची. आमच्या नशिबात चपखल असं काही सहसा नसतं.

बाबा भूमापक होते. जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या, स्वतःची वीतभर घेतली नाही. निवृत्त झाल्यावर हातात आलेल्या पैशांतून त्यांनी दादाला चष्म्यांच्या दुकानासाठी दिले आणि तेवढ्याच रकमेचे, आठ लाखांचे, सरकारी रोखे माझ्या नावावर घेतले. मी तेव्हा कॉलेजात होते. सरकारला आपण कर्ज द्यायचं, ते दर सहा महिन्यांनी व्याज देणार, मुदत संपली की मुद्दल परत. व्याज बाबा आणि मी अशा दोघांच्या बँकखात्यात जमा व्हायचं. "सरकार बुडालं तर सगळेच बुडतील, मग आपण एकट्याने कशाला घाबरायचं?" हे त्यांचं अर्थशास्त्र.

मी मात्र घाबरायची. म्हणून खारू पोटात असताना, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं तेव्हा, मी लॅपटॉपवर एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. घरातली सगळी गुंतवणूक एका पडद्यावर दिसणार होती. शेअर, फंड, सोनं यांचे भाव ते स्वतःच कुठूनतरी आणायचं. सरकारी रोख्यांचं मात्र त्याला काही कळेना. ते सगळं हाताने भरावं लागलं: दर्शनी किंमत, व्याजाचा दर, तारखा, मुदत. भाव शंभराला किती असा लिहायचा असतो हे मला ठाऊक नव्हतं, त्यामुळे पहिल्या दिवशी पडद्यावर आठ लाखांचे आठ कोटी झाले. नवऱ्याने ते बघितलं आणि म्हणाला, "उद्याच राजीनामा देतो. साहेबाला सांगतो, आता तुझ्या लिफ्टने तूच वर जा." तो लिफ्टदुरुस्तीचं काम करतो.

दोन दुपारी घालवून मी आकडा ताळ्यावर आणला. सगळ्यात शेवटी एक छोटी चौकट होती. तिच्यापुढे लिहिलं होतं, 'व्याज आपोआप नोंदवा.' मी तिथे खूण केली. आपल्याला तेवढाच एक त्रास कमी, असं वाटलं.

तेव्हापासून दर सहा महिन्यांनी वीस तारखेला ते सॉफ्टवेअर न चुकता अठ्ठावीस हजार नोंदवायचं, 'बाबा + मी' या खात्यात. हिरवी रेष एक पायरी वर चढायची. दीड वर्षापूर्वी बाबा गेले. त्यानंतर बँकेचं पासबुक उघडायला माझा हात धजेना, कारण पहिल्या पानावर त्यांचं नाव होतं आणि त्याखाली माझं. पडद्यावरची रेष बघायला सोपी होती. बाबा गेले तरी ती चढत होती. खारूला झोपवताना मी ती रोज एकदा बघायची, दाराची कडी लावलीय ना ते बघतात तशी.

दहा तारखेला, मंगळवारी सकाळी, हॉस्पिटलच्या हिशेबखात्यातल्या बाईंचा फोन आला.

"ताई, तुम्ही पाठवलाय तो कसला फोटो आहे?"

"आमच्या गुंतवणुकीचा. त्यात रोख्यांची तारीख दिसतेय बघा. वीस."

"अहो, स्क्रीनचा फोटो काय, माझा मुलगापण काढून देईल. बँकेचा कागद आणा. पैसे कुठल्या खात्यात येणारेत ते शिक्क्यासकट दिसलं पाहिजे."

म्हणून मी खारूला कडेवर घेऊन बँकेत गेले. ओठ फिकट जांभळे होते. बरा दिवस होता.

खिडकीमागच्या पोराने मी सांगितलेला खातेक्रमांक टाइप केला, पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, हे खातं बंद आहे."

"व्यवहार नाहीत म्हणून गोठवलंय का?"

"गोठवलेलं नाही. बंद. चौदा महिने झाले."

"असं कसं होईल? सहा महिन्यांपूर्वी त्यात व्याज जमा झालंय. त्याच्या आधीही झालंय."

"कुठे जमा झालंय?"

"माझ्या…" मी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये, असं म्हणणार होते. हे वाक्य खिडकीतून आत सरकवण्यासारखं नव्हतं.

"कुणी बंद केलं?"

"ते मला इथून दिसत नाही. अर्ज द्यावा लागेल, आठवडाभर लागेल." मग जरा थांबून म्हणाला, "घरातल्याच कुणीतरी केलं असणार, मॅडम. बाहेरच्याला करता येत नाही."

खारूने माझ्या गळ्यातली साखळी तोंडात घातली होती, ती काढायचंही सुचेना. बाकावर बसले. दहा दिवसांनी आठ लाख येणार होते आणि ज्या खात्यात येणार होते ते जगात नव्हतं. खातं संपलं असेल तर रोखे तरी आहेत का? व्याज येत नसेल तर ते कधीच विकले गेले असतील. कुणी विकले?

नवऱ्याला फोन लावला. लागेना. तो लिफ्टच्या बोगद्यात असला की त्याचा फोनही बोगद्यातच असतो.

घरातल्याच कुणीतरी.

बाबा गेल्यावर त्यांचे सगळे कागद दादाकडे गेले होते. निवृत्तिवेतन, विमा, भाड्याचं घर सोडणं, आईला आपल्याकडे घेऊन जाणं, सगळी धावपळ त्यानेच केली. तेव्हा खारू न्यूमोनियाने हॉस्पिटलात होती, मी तिच्या खाटेला चिकटलेली. मी काही विचारलं नाही, त्याने काही सांगितलं नाही. मागच्या वर्षी दादाने दुकानात काचा घासायचं नवीन यंत्र घेतलं. मी विचारलं होतं, "बराच खर्च झाला असेल ना?" तर म्हणाला, "होतो तसा."

मनात एकदा पाल चुकचुकली की तिला हाकलता येत नाही. मी फोन काढला आणि लिहिलं:

"बाबांचं आणि माझं खातं तू बंद केलंस? ते पैसे खारूच्या ऑपरेशनचे होते हे माहीत होतं ना तुला? यंत्र त्यातूनच घेतलंस का?"

आणि पाठवलं. दोन क्षणांत खुणा निळ्या झाल्या. उत्तर आलं नाही. म्हणजे खरंच असणार, असं मला वाटलं. टॅक्सी केली आणि दादाच्या दुकानावर गेले.

दुकानात काउंटरवर वहिनी होत्या. पाठीमागच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता, वर मोठी अक्षरं, खाली मुंगीएवढी. आतून काचा घासायच्या यंत्राची घरघर येत होती.

"या, वन्सं," वहिनी म्हणाल्या. त्या मला वन्सं म्हणतात तेव्हा समजायचं की वारा फिरला. "तुमचा मेसेज मिळाला. यांचे हात ओले होते म्हणून मला म्हणाले, वाच काय म्हणतेय ते. मी वाचला. मोठ्याने. समोर दोन गिऱ्हाईकं चष्मा लावून बसली होती. त्यांना आता सगळं स्वच्छ दिसतंय."

"वहिनी, मी…"

"मला नका सांगू. आत आहेत ते."

यंत्र बंद झालं. दादा हात पुसत बाहेर आला. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा आहे. रागावला की ओरडत नाही, उलट आवाज इतका खाली नेतो की ऐकायला पुढे वाकावं लागतं.

"यंत्र हप्त्यांवर आहे," तो म्हणाला. "अजून एकवीस हप्ते राहिलेत. बघायचेत?"

त्याने खालच्या खणातून एक जाड फाइल काढली, बाबांच्या अक्षरात 'घर' लिहिलेली, आणि त्यातला एक कागद काउंटरवर ठेवला. खातं बंद करण्याचा अर्ज. खाली दोन सह्या होत्या. एक दादाची, वारस म्हणून. दुसरी माझी.

"ही मी नाही केली," मी म्हणाले. पण म्हणता म्हणताच मला ती सही ओळखू आली. वाकडी, मधल्या अक्षरावर भोक पडलेली.

"हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये," दादा म्हणाला. "टेबल नव्हतं. तू म्हणालीस, वळ. मी वळलो, तू माझ्या पाठीवर कागद ठेवून सही केलीस. मी म्हटलं, वाचून घे. तू म्हणालीस, दादा, तू सांगतोस ना, मग बास. आत नर्स खारूला सुई टोचत होती."

मला पॅसेज आठवला. फिनाइलचा वास आठवला. दादाचा करडा शर्ट आठवला. कागद आठवला नाही.

"बँकेतले म्हणाले, एक खातेदार गेला, आता खातं बंद करा नाहीतर नव्याने सगळे कागद करा. म्हटलं एकदाचं मिटवून टाकू. त्यात होते तेवढे आईच्या खात्यावर टाकले. पावती आहे."

"पण दादा, रोख्यांचं व्याज त्याच खात्यात यायचं."

"कसलं व्याज?"

"बाबांनी माझ्यासाठी घेतलेल्या रोख्यांचं. आणि मुद्दलही तिथेच येणार. वीसला."

दादाला रोखे आहेत हे माहीत होतं, व्याज कुठे जातं ते नव्हतं. मला व्याज कुठे जातं ते माहीत होतं, खातं बंद झालेलं नव्हतं. आणि दोघांच्या मधे माझं ते सॉफ्टवेअर, दर सहा महिन्यांनी, न आलेलं व्याज इमानेइतबारे लिहून ठेवत होतं. निदान एकदा तरी आकडा कमी दिसला असता, तर मी विचारलं असतं.

"मग दोन वेळचं व्याज गेलं कुठे?" वहिनींनी विचारलं. त्यांचा आवाज आता वन्संवरून उतरला होता.

दादाने रोख्यांची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयाला फोन लावला. तीनदा वाट बघायला लावलं. मग तो नुसता "हो… हो… आज?" म्हणत राहिला. फोन ठेवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजून दहा मिनिटं.

"रोखे आहेत," तो म्हणाला. मी काउंटर धरला. "पण मुदतीच्या आधी दहा दिवस त्यांची वही बंद होते. त्यानंतर कुठलाही बदल करत नाहीत. नवीन खातं द्यायचं तर आज चारपर्यंत. नाहीतर पैसे जुन्या खात्यावर जाणार, तिथून परत येणार, आणि मग अर्ज, चौकशी. दोन-अडीच महिने."

हृदयाच्या डॉक्टरांनी मला स्वच्छ सांगितलं होतं, आता थांबायचं नाही. नळी अजून अरुंद होतेय.

"ऊठ," दादा म्हणाला. "चेकबुक कुठंय?"

"घरी."

"मग आधी घरी."

गाडीत मी मागे बसले, खारू मांडीवर. "दादा, तो मेसेज…"

"आत्ता नको. सिग्नल बघू दे."

घरून चेकबुक घेतलं, तिथून कार्यालयाकडे. तीन वाजून वीस मिनिटांनी पोचलो. कार्यालय तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्टवर पाटी: दुरुस्तीसाठी बंद. जगातल्या एवढ्या लिफ्टमध्ये नेमकी हीच. दादाने एक शब्द न बोलता खारूला खांद्यावर घेतलं आणि चढायला लागला. दुसऱ्या मजल्यावर त्याचा श्वास मला खालपर्यंत ऐकू येत होता. खारू वरून म्हणाली, "मामा, तू पण बस ना उकिडवा."

चार नंबरच्या खिडकीत एक बाई होत्या. ओठांत तीन टाचण्या धरून, त्या न काढता बोलायच्या. त्यांनी माझा ओळखपत्राचा कागद घेतला, पडद्यावर नोंद उघडली.

"दोन वेळा रक्कम परत आलीय. दोन पत्रं पाठवली आम्ही."

"मिळाली नाहीत."

त्यांनी पडदा किंचित वळवला. पत्ता बाबांच्या भाड्याच्या घराचा होता. तिथे आता कोण राहतं तेही मला माहीत नव्हतं.

"परत आलेलं व्याज वेगळ्या अर्जाने मिळेल, त्याला वेळ लागेल. मुद्दलासाठी हा फॉर्म. चारला खिडकी बंद."

मी फॉर्म भरला, चेक जोडला, सही केली. पावणेचारला बाईंनी सही पाहिली, पडदा पाहिला, आणि एक टाचणी हातात घेतली.

"ही सही जुळत नाही."

"माझीच आहे."

"असेल. नोंदीतली अशी नाही."

पडद्यावर माझी कॉलेजातली सही होती. एकोणीस वर्षांच्या मुलीची, माहेरच्या आडनावाची, खाली एक ऐटबाज वळसा घेतलेली, जणू पुढे आयुष्यभर भरपूर वेळ असणार आहे. ती सही मी कित्येक वर्षांत केली नव्हती. हल्ली मी दोन रेघा ओढते आणि सुटते.

"तशी करा. यावर खाडाखोड चालणार नाही, नवीन फॉर्म घ्या."

दादा नवीन फॉर्म भरायला लागला. त्याचं अक्षर लहान, सुबक, चष्म्याच्या नंबरांसारखं. मी जुना फॉर्म उलटा केला. कागदाच्या पाठीवर सराव केला, वळसा दोनदा चुकला.

आणि मग पायाशी काही हललं. खारू जमिनीवर उकिडवी बसली होती.

खोलीत गर्दी, उकाडा, तीन मजल्यांचा प्रवास, दुपारची झोप बुडालेली. तिने माझ्याकडे वर पाहिलं आणि रडायला तोंड उघडलं. खारूचं रडणं ही आमच्या घरातली सगळ्यात भयंकर गोष्ट आहे. रडली की रक्त चुकीच्या वाटेने जातं. आवाज निघाला आणि अर्ध्यात बुडाला. ओठ शाईचे झाले. मग नखं. मग डोळ्यांखालची कातडी.

मी खाली बसले. तिला मांडीवर आडवी घेतली, दोन्ही गुडघे तिच्या छातीशी दाबून धरले, डॉक्टरांनी शिकवलं तसे. "बघ माझ्याकडे. खारू, बघ. फुंकर मार. आईच्या नाकावर फुंकर मार." ती बघत होती, पण माझ्यातून आरपार.

"मॅडम," वरून बाईंचा आवाज आला, टाचण्यांशिवायचा. "दहा मिनिटं राहिलीत. सही."

"मरू दे ती सही!"

"सही मरू दे म्हणतेस," दादा म्हणाला, आवाज अगदी खाली, "मग चोवीसला काय करायचं?"

मी मान वर केली नाही. तिच्या ओठांवरून नजर काढली तर ते आणखी काळे होतील, असं मला वाटत होतं. खरंच वाटत होतं. उजवा हात तेवढा मोकळा होऊ शकत होता. डाव्या कोपराने गुडघे दाबून धरता येत होते.

दादा माझ्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि वळला. फॉर्म खांद्यावरून मागे घेऊन त्याने पाठीवर सपाट धरला.

"कर."

मी पेन घेतलं. कागदाकडे बघितलं नाही. खारूकडे बघत होते, "फुंकर मार, मार ना," म्हणत होते, आणि हात आपला आपण चालत होता. पेन एका जागी कागदातून आत गेलं. दादा हलला नाही.

खारूने फुंकर मारली. इवलीशी. पाखराच्या पंखाएवढी. मग दुसरी.

बाई खिडकीमागून उठून बाहेर आल्या होत्या. एका हातात पाण्याचा पेला. दुसऱ्या हाताने त्यांनी दादाच्या पाठीवरून फॉर्म उचलला, डोळ्यांपुढे धरला.

"वाकडी आहे," त्या म्हणाल्या.

त्यांनी फॉर्म उजेडाकडे वळवला.

"भोकही पडलंय."

"बाई, पोरगी…" दादा म्हणाला.

"दिसतंय मला." त्या आत गेल्या. पडद्यावरच्या सहीशी माझी सही ताडून पाहिली, बराच वेळ. वळसा होता. कुठून आला होता कोण जाणे, पण होता. त्यांनी खाली काहीतरी लिहिलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाल्या, "अर्जदाराने माझ्यासमोर सही केली." मग शिक्का. तीन वाजून छप्पन्न मिनिटं. चारला त्यांनी खिडकीची फळी खाली ओढली, आणि पंखा आमच्याकडे वळवून त्या पंधरा मिनिटं तिथेच उभ्या राहिल्या, खारूचे ओठ जांभळ्यावरून फिकट जांभळ्यावर येईपर्यंत.

संध्याकाळी नवरा बोगद्यातून बाहेर आला आणि एकदम सतरा मिस्ड कॉल बघून धावतच घरी पोचला. मी सांगत होते, तो ऐकत होता. मग मी लॅपटॉप उघडला. न आलेल्या व्याजाच्या दोन नोंदी शोधल्या आणि पुसल्या. सॉफ्टवेअरने दोन्ही वेळा विचारलं, 'खात्री आहे?' हिरवी रेष दोन पायऱ्या खाली आली. मग ती छोटी चौकट उघडली आणि खूण काढून टाकली.

"आता कळणार कसं, पैसे आले ते?" नवऱ्याने विचारलं.

"जाऊन बघायचं."

पुढचे दहा दिवस कसे गेले ते सांगण्यात अर्थ नाही. बाईंनी फॉर्म कुठे ठेवला असेल? वाऱ्याने उडाला असेल का? कुणी वरच्याने भोक बघून बाजूला काढला असेल का? फोन केला की "प्रक्रियेत आहे" एवढंच. दादाच्या घरी रविवारी जाऊन आले, आईला भेटायला म्हणून. वहिनींनी खारूला मांडीवर घेतलं, मला नुसतं "बस" म्हणाल्या. दादा दुकानात होता. माझा तो मेसेज फोनमध्ये तसाच होता, निळ्या खुणांसकट. त्याखाली मी तीनदा 'माफ कर' लिहिलं आणि तीनदा पुसलं. माफी असल्या ठिकाणी मागायची नसते.

वीसला बँक उघडायच्या आधी मी दारात उभी होते. छापायच्या यंत्रात माझ्या एकटीच्या खात्याचं पासबुक घातलं. ते आत गेलं, आणि बराच वेळ आतच राहिलं. खर्र, खर्र. बाहेर आलं तेव्हा एक ओळ नवीन होती. आठ लाख अठ्ठावीस हजार. मी बोट फिरवलं, शाई थोडी पसरली.

तिथून सरळ दुकानात गेले. यंत्र बंद होतं, दादा काचेवर कापड फिरवत होता. मी पासबुक उघडून काउंटरवर ठेवलं. "दादा, तो मेसेज…" मी म्हणाले.

त्याने ती ओळ चष्मा कपाळावर सारून वाचली, जवळून. मग आत गेला आणि करडा शर्ट घेऊन आला. पाठीवर खांद्याखाली शाईचा ठिपका, धुऊन धुऊन फिकट जांभळा झालेला.

"जात नाही," तो म्हणाला. "शर्टाचे पैसे देणार आहेस का, तेवढं सांग."

"एकवीस हप्त्यांत देते."

वहिनी फस्सकन हसल्या. दादा हसला नाही, पण आवाज वर आणून म्हणाला, "बावीसला मी येतो बरोबर. भरताना कागद वाचून भर."

वाचला. प्रत्येक ओळ. त्यात एक ओळ अशीही होती की शस्त्रक्रियेत काय काय होऊ शकतं याची मला पूर्ण कल्पना देण्यात आली आहे. खाली सहीची जागा होती. मी ती टेबलावर ठेवून केली, हळूहळू.

तेवीसच्या सकाळी, तिला भरती करायला निघण्याआधी, मी ते पैसे गेल्याची नोंद हाताने केली. रेष डावीकडून कितीतरी दिवस चढत आली होती, ती एकदम उभीच्या उभी खाली कोसळली, लाल होऊन. खारू माझ्या मांडीवर होती. तिने बोट काचेवर ठेवलं, उंच टोकावर, आणि सर्रकन खाली आणलं.

"घसरगुंडी!"

ती घसरगुंडीवर आजवर कधी बसलेली नाही. वर चढायला शिड्या असतात. तिने बोट पुन्हा वर नेलं, पुन्हा घसरवलं.

"आपण बसायचं?"

"बसायचं."

"कधी?"

मी लॅपटॉप मिटला. तिची हनुवटी उजेडाकडे वळवून ओठ बघितले. फिकट जांभळे होते. मग तिचे मोजे शोधायला उठले.